ज्या यंत्रात मेन नव्हता

आमच्या महाविद्यालयात सर्वांत संशयी माणूस कोण, असं विचारलं असतं तर सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं असतं. आणि सगळ्यांना ज्याचा संशय येतो असा माणूस कोण, असं विचारलं असतं तरी बोट त्याच दिशेला गेलं असतं. दोन्ही पदं एकाच माणसाने सांभाळावीत, हे कमी कर्मचाऱ्यांत भागवणाऱ्या आमच्या संस्थेला शोभण्यासारखंच होतं.

ते संगणक विभागात शिकवायचे. मुलं त्यांना 'पंचनामा सर' म्हणत. हे नाव त्यांनी परीक्षेमुळे कमावलं होतं. चाचणीचे पेपर ते स्वतः तपासत नसत. प्रत्येक पेपर तीन मुलांनी तपासायचा, तिघांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून, एकमेकांना न विचारता. ज्या दोघांचे गुण जुळतील ते धरायचे. आमची मुलं हुशार. त्यांनी व्हॉट्सॲपवर गट केला आणि त्या चाचणीत अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी मिळाले. सरांनी सगळ्यांना पुन्हा पेपर लिहायला बसवलं.

"सर, पण गुण तर जुळले की!" एक मुलगी म्हणाली.

"लय जुळले," सर म्हणाले. "थोडा फरक ठेवला असता तर मी फसलो असतो. तिघं जण एकच चूक करायलेत म्हणजे ती चूक न्हाई, तो कट हाय."

पुढच्या चाचणीत मुलांनी थोडा फरक ठेवला. त्या वर्षात मुलं शिकली त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच असावी, असं माझं मत आहे.

आमचं महाविद्यालय परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कापूस, आणि मधेच निळ्या काचा लावलेली इमारत. उन्हाळ्यात त्या काचांमुळे आतली माणसं भाजून निघतात, पण बाहेरून इमारत थंड दिसते. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवायचो. अभियंता व्हायला आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी हा विषय घ्यावा लागतो आणि दुसऱ्या वर्षी तो विसरता येतो, त्यामुळे मला निरीक्षणाला भरपूर वेळ मिळे. सर त्याच रस्त्यावरच्या बोरी गावचे होते. रोज एसटीने येत, मिळाली नाही तर काळ्यापिवळ्या जीपला लटकून येत.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती मात्र परभणीच्या स्टेशनवर. सेलूला एक कार्यशाळा होती आणि आम्हा दोघांना संस्थेने पाठवलं होतं. मी फलाटावर पोहोचलो तेव्हा ते एका चहावाल्याला वेळ विचारत होते. मग ते रेल्वे पोलिसाकडे गेले आणि त्यालाही वेळ विचारली. मग माझ्याकडे आले. मी वेळ सांगितली.

"बरोबर," ते म्हणाले.

"माहीत होती तर विचारली कशाला?"

"माहीत नव्हती. चहावाल्यानं सांगितली, पोलिसानं सांगितली. तुमी सांगितल्यावर माहीत झाली."

"तुमच्या हातात घड्याळ आहे की, सर."

त्यांनी मनगटाकडे दयेने पाहिलं. "हाय. पण ते एकटंच हाय."

सेलू येईपर्यंत त्यांनी मला त्यांचं संशोधन समजावलं. त्यांचं म्हणणं साधारण असं. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये एक ठोका असतो. त्या ठोक्यावर सगळे भाग काम करतात, पलटणीतल्या शिपायांसारखे. ठोका चुकला की सगळं चुकतं. वरचा एक भाग बिघडला की खालचे सगळे बेकार. सरांना ठोकाही नको होता आणि वरचा भागही, म्हणजे 'मेन'ही, नको होता. त्यांना अनेक छोटे प्रोसेसर हवे होते, जे फक्त आपल्या शेजाऱ्यांना ओळखतील. शेजाऱ्याने काम दिलं की करायचं, झालं की पुढच्याला द्यायचं. आणि कोणत्याही उत्तरावर एकट्याच्या शब्दाने विश्वास ठेवायचा नाही. निदान तिघांनी, एकमेकांचं न ऐकता, तेच सांगितलं पाहिजे. त्यातले काही मेले तरी बाकीच्यांनी काम पुरं करायचं.

"हे कुठे छापून आलंय का?" मी विचारलं.

"एका नियतकालिकाला पाठवलं होतं. परत आलं. तिघांनी वाचलं म्हणे, तिघांनी नाकारलं."

मी हळहळ व्यक्त केली.

"न्हाई हो, लय भारी झालं," ते म्हणाले. "तिघांचे आक्षेप येगयेगळे होते. म्हणजे तिघांनी खरंच वाचलंय."

इथपासून मला त्यांचा संशय यायला लागला. नाकारलेला लेख ज्याला प्रमाणपत्र वाटतो, तो माणूस एक तर फार मोठा असतो किंवा फार चतुर. आमच्या भागात मोठी माणसं पुष्कळ आहेत, त्यांचे फलक चौकाचौकांत लागलेले असतात. त्यामुळे मी चतुर ही शक्यता धरून चाललो.

त्यांची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, पोर्चला लागूनच. खोलीत एक लांब टेबल आणि टेबलावर हैदराबादच्या भंगार बाजारातून आणलेले सर्किट बोर्ड, एकमेकांना तारांनी जोडलेले. प्रत्येक बोर्डाला स्वतःची बॅटरी, स्वतःचं बटण आणि एक हिरवा दिवा. वीजसुद्धा एका ठिकाणाहून घ्यायची नाही, हा हट्ट. एक छोटा पडदा होता, तो कुठल्याही बोर्डाला लावता येई. दुपारी वीज गेली की सगळी इमारत गप्प व्हायची, प्राचार्यांच्या कार्यालयातून 'जनरेटर, जनरेटर' असा आवाज यायचा, आणि त्या एका खोलीत हिरवे दिवे सावकाश लुकलुकत असायचे. ते दृश्य सुंदर होतं हे मी मान्य करतो. पण दिवे लुकलुकतात म्हणजे आत विचार चालू आहे असं नसतं. लग्नाच्या मांडवातही ते लुकलुकतात.

खोलीला तीन कुलुपं होती. एकाची किल्ली सरांकडे, एकाची ग्रंथपाल मॅडमकडे आणि एकाची कॅन्टीनच्या चाचांकडे. तिघं आल्याशिवाय दार उघडत नसे.

"चोरी होईल म्हणून?" मी विचारलं.

"चोर काय नेणार? मी एकटा आत जाऊन आकडे बदलले तर कुणाला कळणार?"

"तुमचा तुमच्यावरही विश्वास नाही?"

"माझ्यावर कशाला ठेवू? मला तर उत्तर बरोबर यायला पाहिजे हाय."

चाचा मात्र या व्यवस्थेला कंटाळले होते. दर सकाळी दूध उतू जायच्या वेळेलाच त्यांना बोलावणं यायचं. "सर, ये चाबी तुमीच रख लेव," ते म्हणायचे, "मैं चाय बनाऊं की साइन्स करूं?" एकदा चाचा भाचीच्या लग्नाला नांदेडला गेले आणि किल्ली खिशात राहिली. ते परत येईपर्यंत संशोधन बंद होतं. सर दारासमोर खुर्ची टाकून शांतपणे बसून असायचे. कुलूप तोडू का, असं शिपाईमामांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मग किल्ली देण्यात काय अर्थ राहिला?"

मी त्यांना एकदा सरळच सांगितलं की तुमचं हे मेन नसलेलं यंत्र मला पटत नाही. कोणीतरी सांगणारा लागतोच. त्यावर ते भांडले नाहीत. म्हणाले, "रविवारी बोरीला या. मारुतीचा भंडारा हाय. माझा प्रोसेसर बघा."

मी गेलो. देवळासमोरच्या पटांगणात पंगती बसल्या होत्या. गावातली पोरं वाढत होती: कुणाच्या हातात वांग्याच्या भाजीची बादली, कुणाच्या हातात बुंदीची परात, कुणाकडे वरण. सर माझ्याशेजारी बसले आणि कानात बोलायला लागले. "बगा. त्या वरणवाल्याला कुणी सांगितलं का, इकडं जा म्हणून? त्यो फक्त समोरची पत्रावळ बघतोय. बादली रिकामी झाली की मागच्याला देतोय. एक पोरगं पाणी प्यायला गेलं तर शेजारचं त्याची रांग घेतंय. हिशोब कुणाकडंच न्हाई, अन उपाशी बी कुणी न्हाई."

खरं होतं. पंगत पाण्यासारखी चालली होती. तेवढ्यात सरपंच आले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"ए भात! भात इकडं आना! पाव्हण्यांकडं भात आना! बुंदीवाले, तिकडं काय करायलात, हिकडं या!"

भाताची सगळी पोरं पाव्हण्यांकडे धावली. पाव्हणे म्हणजे मी. माझ्या पत्रावळीवर एकामागून एक भाताचे ढीग पडले. मी हात आडवे धरले तर माझ्या हातांवर भात पडला. बुंदीवाले एकमेकांवर आदळले. लांबच्या पंगतीत म्हाताऱ्या बायका कोरड्या पोळ्या हातात धरून माइकच्या दिशेने पाहत बसल्या. सरपंच आणखी जोरात ओरडू लागले, कारण व्यवस्था कोलमडताना त्यांना दिसत होती आणि ती आपल्यामुळेच टिकून आहे असं त्यांना वाटत होतं.

"मेन आला," सर म्हणाले.

थोड्या वेळाने माइक अचानक बंद पडला. कोणीतरी वायर काढली होती. पंगत हळूहळू पुन्हा सुरळीत झाली. वायर कोणी काढली ते शेवटपर्यंत कळलं नाही. सर त्या वेळी माझ्या शेजारी नव्हते, एवढंच मी सांगू शकतो. परत येऊन बसले तेव्हा त्यांनी माझ्या पत्रावळीवरचा अर्धा भात स्वतःच्या पत्रावळीवर घेतला आणि तो विषय काढू दिला नाही.

त्यांचे थोरले भाऊ मला बांधापर्यंत सोडायला आले. भाऊ शेती बघत. "सर, तुमी शिकलेले हायत म्हणून इचारतो," ते म्हणाले. "ह्याचं ते मशीन पिकवतंय काय?"

"अजून कळलं नाही," मी म्हणालो.

"मलाबी न्हाई कळलं. पण ह्यो लहानपणापासून असाच हाय. आईनं सांगितलं मीठ घातलंय तरी चाखून बघायचा."

सगळं असंच चालू राहिलं असतं, पण संस्थेच्या सचिवांना एका समारंभातून परत येताना कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्र काढायची कल्पना सुचली. अशा कल्पना समारंभांतून परत येतानाच सुचतात. केंद्रासाठी काचेचं दार, निळे दिवे आणि मोठा पडदा लागणार होता. खोली तळमजल्यावर पाहिजे होती, कारण उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना जिने चढवायचे नव्हते. पोर्चला लागून एकच खोली होती.

सचिव खोली बघायला आले. प्राचार्य मागे, आणि प्राचार्यांच्या मागे आम्ही. चाचांना आणि मॅडमना बोलावून तीन कुलुपं उघडेपर्यंत सचिवांना बाहेर थांबावं लागलं. तिथेच अर्धं काम बिघडलं.

सचिवांनी टेबलावरून नजर फिरवली. "यातला मेन कुठलाय?"

"मेन न्हाई," सर म्हणाले.

"म्हणजे आणायचा राहिलाय?"

"न्हाई. ठेवलाच न्हाई."

"मग ह्यांना काम कोण सांगतं?"

"शेजारचा."

"आणि शेजारच्याला?"

"त्याच्या शेजारचा."

"आणि एखादा खोटंच बोलायला लागला तर?"

"बाकीचे त्याला मोजत न्हाईत. काम चालू राहतंय."

सचिव प्राचार्यांकडे वळले. "हे असलं शिकवायलेत का आपल्याकडं पोरांना?"

प्राचार्यांनी हे अभ्यासक्रमात नसल्याचं तातडीने सांगितलं.

आठवडाभरात नोटीस लागली. प्रयोगशाळेची उपयुक्तता तपासण्यासाठी समिती नेमली होती. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक कार्यकारी अभियंता, कर्मशाळेचे, म्हणजे वर्कशॉपचे, प्रमुख आणि मी. अहवाल विरुद्ध गेला तर खोली रिकामी करायची. दुसरी खोली मिळणार नाही, असं नोटिशीत लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. सरांची काही वर्षांची मेहनत त्या एका टेबलावर पसरलेली होती आणि त्यांच्या पीएचडीची मुदत संपत आली होती. बोरीच्या घरात ते टेबल मावलं नसतं. जिथे मावलं असतं तिथे म्हशी बांधलेल्या होत्या.

मला का नेमलं, असं मी प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुमचा कशावरच विश्वास नसतो, म्हणून." सचिवांनी माझी निवड का मान्य केली असेल, ते मला या उत्तरावरून कळलं.

मी तयारीने गेलो. दोन मोठ्या मूळ संख्या घरी शोधल्या, त्यांचा गुणाकार केला आणि तो लांबलचक आकडा सरांच्या हातात ठेवला. याचे अवयव शोधून दाखवा, म्हणालो. गुणाकार करायला सोपा, उलट शोधायला अवघड. आणि उत्तर मला आधीच माहीत. सरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांच्यावर कोणी इतका व्यवस्थित अविश्वास दाखवला नव्हता.

हिरवे दिवे लुकलुकले. सरांनी अभियंतासाहेबांना सांगितलं, "चालू असताना कुठलाबी बोर्ड बंद करा." त्यांनी भीत भीत एक बटण दाबलं. मग कर्मशाळाप्रमुखांनी दोन दाबली. बाकीचे दिवे थोडे गडबडले आणि पुन्हा लागले. बऱ्याच वेळाने पडद्यावर माझ्या दोन्ही संख्या आल्या.

अभियंतासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी घरून निघताना तोच आकडा मुलीच्या मोबाइलवर टाकून पाहिला होता. मोबाइलने पापणी लवायच्या आत उत्तर दिलं होतं. ते मी सरांना सांगितलं.

"मग याचा उपयोग काय, सर?"

"मोबाइल एकटा हाय," ते म्हणाले. "त्यो उद्या चुकला तर तुमाला सांगणार कोण?"

मी टेबलाकडे पाहत राहिलो. तारांच्या त्या जंजाळात एखादा साधा संगणक कुठे लपवलेला असेल तर तो मला दिसला नसता. खरं यंत्र चालत होतं की यंत्राचं नाटक, हे उत्तर बरोबर आल्यावरही कळत नव्हतं. बरोबर उत्तर तर नाटकातही देता येतं.

तपासणी झाल्यावर आम्ही तिघं चाचांकडे चहाला बसलो. अभियंतासाहेबांना टाळ्या वाजवून झाल्यावर विरुद्ध लिहिणं बरं दिसेना. कर्मशाळाप्रमुखांना भीती होती की आज ही खोली गेली तर उद्या केंद्राला त्यांचा हॉल लागेल. मला माझा संशय दीड पानात कसा मांडायचा ते कळेना. अशा तीन वेगवेगळ्या कारणांनी आमचं एकमत झालं. 'प्रयोगशाळा चालू ठेवावी' असा अहवाल एका कागदावर लिहिला आणि खाली तिघांनी सह्या केल्या.

प्राचार्यांनी सरांना बोलावून आमच्यासमोर तो वाचून दाखवला. सरांनी कागद हातात घेतला.

"हे कुठं बसून लिवलं?"

"कॅन्टीनमध्ये," अभियंतासाहेब म्हणाले. "चहा घेता घेता."

"तिघं एका टेबलावर?"

"मग? तीन टेबलांवर बसणार का?"

"मग हे तिघांचं न्हाई," सर म्हणाले. "सह्या तीन हायत, माणूस एकच हाय. मला हे चालत न्हाई."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "सर, अहवाल तुमच्या बाजूने आहे."

"बाजूनं हाय म्हणूनच सांगायलो. इरोधात असता तर तुमी म्हणला असता, हरलाय म्हणून बोलतोय. तिघांनी येगयेगळ्या खोलीत बसून लिवा."

"तुम्हाला खोली नकोय का?"

सरांनी कागद प्राचार्यांच्या टेबलावर परत ठेवला. "पायजे हाय," ते म्हणाले. "लय पायजे हाय."

अभियंतासाहेब चिडले. कर्मशाळाप्रमुख माझ्याकडे बघून कपाळाला हात लावत होते. बातमी सचिवांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही आणि त्यांना ही पद्धत फारच आवडली. पारदर्शक आहे, म्हणाले. आम्हाला तीन खोल्या देण्यात आल्या.

एकटे बसल्यावर अभियंतासाहेबांच्या लक्षात आलं की आपल्याला यंत्रातलं काहीही कळलेलं नाही आणि आता टाळ्यांच्या मागे लपायची सोयही नाही. त्यांनी लिहिलं, उपयुक्तता दिसून आली नाही. कर्मशाळाप्रमुखांना मधल्या वेळात एक फोन आला. तो कोणाचा होता ते त्यांनी सांगितलं नाही, पण बोलताना ते उभे राहिले होते, हे मी व्हरांड्यातून पाहिलं. त्यांनीही लिहिलं, उपयुक्तता दिसून आली नाही. शब्द न् शब्द तोच.

मी लिहिलं: "यंत्राने बरोबर उत्तर दिले. ते उत्तर यंत्राने सांगितल्या पद्धतीनेच काढले, याची मला खात्री करता आली नाही." आजही मला कोणी विचारलं तर मी हेच लिहीन. प्राचार्यांनी माझा कागद दोनदा वाचला आणि विरोधातल्या कागदांवर ठेवला.

सरांनी तिन्ही कागद मागून घेतले. पहिले दोन शेजारी शेजारी धरून पाहिले आणि खाली ठेवले. माझा जरा जास्त वेळ वाचला.

"ह्यो एकच कागद खरा हाय," ते म्हणाले.

"पण तो तुमच्या बाजूने नाही," प्राचार्य म्हणाले.

"मी कुठं म्हणालो, हाय म्हणून?" मग त्यांनी विचारलं, "खोली कधीपर्यंत द्यायची?" विचारताना त्यांचा आवाज एकदम लहान झाला. इतका वेळ ते एखाद्या सिद्धान्तावर बोलत असावेत असं वाटत होतं. त्या वाक्यात मात्र फक्त खोली होती.

खोली रिकामी करायच्या दिवशी, दुपारी, त्यांनी मला फोन केला. "या. बंद करायचंय." मी गेलो तेव्हा दार सताड उघडं होतं. कार्यालयाने तिन्ही कुलुपं काढून घेतली होती. बाहेर काचेच्या दाराची चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती आणि कामगार जेवायला गेले होते. आत आम्ही दोघंच.

यंत्र एका ठिकाणी बंद करता येत नव्हतं. तशी जागाच त्यात नव्हती. सरांनी एक नवा आकडा घातला आणि मला म्हणाले, "तुमच्या मोबाइलवर बघून ठेवा उत्तर." मी पाहून ठेवलं. मग ते टेबलाच्या एका टोकापासून एकेक बटण दाबत निघाले. एक दिवा विझायचा, शेजारचे क्षणभर थांबायचे, आणि पुन्हा चालू व्हायचे. अर्धं टेबल अंधारलं तरी उरलेलं अर्धं काम करत होतं, फक्त सावकाश. पडद्यावर उत्तर आलं. मी मोबाइलशी ताडून पाहिलं, बरोबर होतं. सरांनी तोच आकडा पुन्हा घातला आणि आणखी बोर्ड बंद केले. पुन्हा बरोबर. आता टेबलाच्या कोपऱ्यात थोडेच दिवे राहिले होते.

मी वाकलो आणि टेबलाखाली पाहिलं.

"बघा, बघा," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. चांगला प्रश्न विचारणाऱ्या मुलाशी शिक्षक बोलतो तसे ते बोलत होते. "काय हाय का?"

टेबलाखाली काही नव्हतं. पण भिंतीत एक भोक होतं, जुन्या कूलरच्या पाइपाचं. त्यातून तार जाऊ शकली असती. पलीकडे कोण काय ठेवून बसलंय, कसं सांगणार?

सरांनी माझी नजर ओळखली. "जावा. भिंतीच्या मागं बी बघून या."

मी गेलो. पोर्च ओलांडून, इमारतीला वळसा घालून, मागच्या बोळात. तिथे मोडक्या बाकांचा ढीग होता, गंजलेला कूलर होता आणि काँग्रेस गवत कमरेएवढं वाढलेलं. गवत बाजूला करत भिंतीपर्यंत पोहोचलो, भोक सापडलं. बोट घालून पाहिलं. आत कोळ्याचं जाळं होतं, अखंड. त्यातून वर्षानुवर्षं काही गेलेलं नव्हतं.

मी जवळजवळ पळतच परत आलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. सर सगळे दिवे विझवून पडद्याची तार गुंडाळत होते. टेबल पूर्ण काळं होतं.

"शेवटी किती उरले होते, सर? उत्तर आलं का?"

"आलं."

"बरोबर?"

त्यांनी तारेचं एक टोक माझ्या हातात दिलं, म्हणजे गुंडाळायला सोपं जाईल.

"ते बघायला मी एकटाच होतो, सर," ते म्हणाले. "माझ्या सांगण्यावर जाऊ नका."